केळझरच्या चढावर

रविवार, संध्याकाळ. समुद्रपूर.

लिहूनच टाकते. माझं सुनंदावर प्रेम आहे. लग्नाला अकरा वर्षं झाल्यावर हे कळावं?

सुनंदा आमच्या अंगणवाडीशेजारच्या दवाखान्यात नर्स आहे. वर्षभरापासून आम्ही रोज सोबत डबा खातो. आज दोघी केळझरच्या गणपतीला गेलो. चढावर माझ्या चपलेचा अंगठा तुटला. तिनं स्वतःची चप्पल काढून माझ्यापुढे ठेवली आणि अनवाणी चालू लागली.

"पाय भाजतीन ना तुहे."

"मले सवय हाय. तू चाल."

चप्पल मला बोटभर मोठी होती. देवापुढे काय मागितलं ते आठवत नाही. डोक्यात तिची चप्पल आणि तिचे लाल झालेले तळवे. उतरून झाडाखाली बसल्यावर तोंडातून निघूनच गेलं, "तू सुट्टीवर गेली का मले करमत नाई. मैत्रिणीवाचून करमत नाई, तसं नाई हे."

तिनं पाण्याची बाटली माझ्या हातात दिली. मग म्हणाली, "मले वाटे, मले एकटीलेच असं होते."

घरी आले तर यांनी चहा मांडलेला. "काऊन व, आज लय खुश दिसून राह्यली?"

माणूस चांगला आहे, म्हणूनच खोटं बोलवलं नाही. म्हटलं, "जेवण झाल्यावर सांगते तुम्हाले."

आता ताटं वाढायला उठते. भीती वाटते आहे. तरी चेहऱ्यावरचं हसू काही जात नाही.