बाजूचा श्वास

१२ नोव्हेंबर, बुधवार

आलं बाई एकदाचं ह्यांचं श्वासाचं मशीन! नागपुरातल्या सदर भागातल्या दुकानातून सुरुची नावाची मुलगी घेऊन आली. दोन आणली होती. एक रात्रभर आपलं आपणच हवेचा दाब कमी-जास्त करणारं, दुसरं ठरवून दिलेल्या एकाच दाबावर चालणारं. ह्यांनी पहिल्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. उभा जन्म खापरखेड्याच्या वीज केंद्रात बॉयलरवर काढलेला माणूस! "आपोआप चालते म्हणता? मंग सरकार ऑपरेटर काहून ठेवते?" दुसरंच ठेवून घेतलं, महिनाभर वापरून बघायचं म्हणून. डॉक्टरांनी दाब लिहून दिलाय दहा. दहा काय, तर दहा सेंटीमीटर उंच पाण्याचा असतो तेवढा. हे खो-खो हसले. "एवढ्या प्रेशरवर चहाच्या गंजावरचं झाकण पण हालत नाही, वं!"

मी नाही हसले. लग्न झाल्यापासून ह्या माणसाचा श्वास रात्री थांबतो आणि मी जागी होते. कोपर मारायचं, "अहो, श्वास घ्या!" म्हणायचं, आचका देऊन श्वास परत आला की मग डोळे मिटायचे. झोपेची तपासणी झाली तेव्हा डॉक्टर म्हणाले, "ताई, आजवर तुम्हीच यांचं मशीन होता." आता हे खरं मशीन. ह्यांना आयुष्य मिळू दे रे देवा. आणि मला थोडी झोप!

१३ नोव्हेंबर, गुरुवार

हे नाकावर मास्क-नळीची सोंड लावून झोपले. हूं नाही की चूं नाही. एवढी शांतता की मलाच झोप येईना!

१५ नोव्हेंबर, शनिवार

झोपले! मेल्यासारखी झोपले. तरी सकाळी डोकं जड, तोंडाला कोरड. चहा ठेवला आणि ओट्याशी उभ्या उभ्याच डोळा लागला. दूध उतू गेलं. हे दारातून म्हणतात, "मशीन मले, अन् झोप तुले?" इतक्या वर्षांचं जागरण, ते काय दोन रात्रींत भरून निघणार आहे?

एक मात्र आहे. खापरखेड्याच्या कॉलनीत रात्रभर प्लांटची घरघर असायची, तिची सवय होती. इथे मानकापूरला, ह्या विकत घेतलेल्या घरात, काहीच नाही. त्यात थंडी पडली, कूलर-पंखे बंद. खोलीत नुसता त्या मशीनचा बारीक सुस्कारा. अनोळखी कोणीतरी येऊन बसल्यासारखं वाटतं. आपण बोललो तर ते ऐकेल असं.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

रात्री तो आवाज आला. तोच आचका — बुडणारा माणूस पाण्यावर यावा तसा. मी दचकून उठले. छातीत धडधड, गळ्याला घाम. ह्यांच्याकडे बघितलं तर मास्क जागेवर, छाती वर-खाली, एकदम शांत. हात लावून बघितला. ऊब होती. मग आचका दिला कोणी?

सकाळी विचारलं तर म्हणतात, "तूच घोरून राहिली असशील."

"लाज नाही वाटत बोलायला? बायका कुठं घोरतात?"

"अन् ते कोपर मारणं बंद कर आता. रात्रभर मारून राहिली तू."

मी? मी तर झोपले होते. मी नाही मारलं!

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

रोज येतोय. म्हणून सुरुचीला बोलावलं. तिनं मशीनचं कार्ड लावून बघितलं. "काकू, काकांचं एकदम मस्त चालू आहे. आधी तासाला चाळीसदा श्वास थांबायचा, आता एखाद-दोनदा." मग मी ऐकते ते काय? मशीनला कळत नसेल. मशीन म्हणजे काय बायको आहे!

दाब बरोबर आहे म्हणाली, मास्क तेवढा मिशीपाशी गळतो. लहान मास्क बसवून दिला. ती काम करत होती तेव्हा हे तिच्या बोटांकडे बघत होते. दोन बटणं एकत्र दाबून धरली की आतलं पान उघडतं, तिथे दाब बदलतो. ही नजर मी ओळखते. शिफ्टला नवीन पंप आला की अशीच व्हायची.

२४ नोव्हेंबर, सोमवार

दहाचा बारा केला. मीच म्हटलं. "अहो, मला भीती वाटते, करा ना थोडा जास्त." सुरुचीला, डॉक्टरांना न विचारता! ह्यांनी चष्मा लावला, पान उघडलं. "घे, वाल्व थोडा खोलला तुह्यासाठी." माझ्यासाठी म्हणाले. स्वतःला काही त्रास नसताना, नुसतं माझ्या शब्दावर.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

तेरा. तरी आला.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

चौदा. ह्यांचं पोट ढोलासारखं फुगलंय, सकाळपासून ढेकरावर ढेकर. गालांवर पट्ट्यांचे वळ. "बॉयलरले पण सेफ्टी वाल्व राहते, प्रेमिला. माह्या पोटाले कुठं आहे?" हसत म्हणाले, पण जेवले नाहीत. मी तरी म्हटलंच, आजची एक रात्र बघू. काय करू? तो आचका ऐकला की वाटतं, हा शेवटचा. ह्यांच्याशिवाय ह्या घरात मी काय करणार?

दुपारी शेजारच्या भागीरथाबाई आल्या. मशीनकडे बघून म्हणतात, "वापरेल आहे का वं? मंग पयले कोणाच्या नाकाले होतं, विचारलं का?" डोक्यात किडा सोडून गेल्या! दुकानाचं दाखवायचं मशीन, कितीतरी घरं फिरून आलं असेल. त्यातला एखादा वाचला नसेल तर? त्याचा श्वास नळीत राहिला असेल तर? वेड्यासारखं लिहितेय. पण तिन्हीसांजेनंतर त्या टेबलाकडे बघवत नाही, हे खरं.

२९ नोव्हेंबर, शनिवार

ह्यांचं पोट उतरेना म्हणून दवाखान्यात गेलो, तर डॉक्टरांनी दोघांनाही फैलावर घेतलं. वाढवलेल्या दाबानं ह्यांचा श्वास उलट थांबायला लागला होता. मेंदू श्वास घ्यायचं सांगतच नाही म्हणे, जास्त हवा मिळाली की. अगं बाई! ज्या भीतीपायी केलं तेच मी माझ्या हातानं करत होते. पण ह्यांनी दोष माझ्यावर येऊ दिला नाही. "बटणं म्या दाबली, डॉक्टरसाहेब." मला तिथेच रडू आलं.

आता ते आपोआप चालणारं मशीन दिलंय. ह्यांनी मुकाट्यानं घेतलं. मी सुरुचीला सांगून नवंकोरं मागवलं, खोकं माझ्यासमोर फोडलं. ती म्हणाली, "काकू, परत आवाज आला तर मोबाइलवर रेकॉर्डिंग लावा अन् मले पाठवा. पण प्रेशरले हात नका लावू, प्लीज."

१ डिसेंबर, सोमवार

पोट उतरलं. काल दोन पोळ्या जास्त खाल्ल्या! म्हणतात, "पोट्टं हुशार आहे हे मशीन. ऑपरेटरची नोकरी गेली."

२ डिसेंबर, मंगळवार

आला. नव्या मशीनवरही आला. सकाळी सुरुचीनं फोनवरून बघून सांगितलं, काकांची रात्र अगदी साफ आहे.

म्हणजे ह्यांच्यात नाही. मशीनमध्येही नाही. मग घरात आहे. रात्री उठते तेव्हा छातीवर कोणी बसून नुकतंच उठून गेलंय असं वाटतं. आधीच्या घरमालकांच्या म्हातारीचं काय झालं होतं, ते भागीरथाबाईंना विचारणार होते. नाही विचारलं. ऐकून घ्यायची हिंमत नाही.

३ डिसेंबर, बुधवार

हे वरुडला गेले. पुतणीचं लग्न ठरलंय, तिच्या साक्षगंधाला. दोन मुक्काम. मशीन पिशवीत घालून बाळासारखं मांडीवर घेऊन बसले गाडीत. मलाही जायचं होतं, पण सकाळपासून डोकं फुटतंय. परवा तर देवपूजा करताना बसल्या बसल्या झोपले, उदबत्तीनं पदर जळाला. जाताना हे म्हणाले, "झोप आता निवांत. नवरा नाही, मशीन नाही."

४ डिसेंबर, गुरुवार



आला. रिकाम्या खोलीत आला. अगदी कानाशी! दिवा लावला. ह्यांची उशी जशीच्या तशी, चादरीला सुरकुती नाही. पलंगाखाली बघितलं, दाराची कडी बघितली. अंगारा लावला आणि भिंतीला पाठ लावून बसून राहिले उजाडेपर्यंत. पहिला विचार आला तो हाच, की तिकडे ह्यांचं काही झालं आणि मला इथे ऐकू आलं. फटफटताच फोन केला. दोनदा वाजून गेला. मी देवाला काय काय बोलले ते लिहीत नाही.

तिसऱ्यांदा उचलला. "काहून रडून राहिली वं? लय मस्त झोपलो. सारी रात्र कोणी कोपर नाही मारलं!"

भागीरथाबाई म्हणाल्या, रात्री आमच्याकडे झोपायला या. नाही गेले. आज उशाशी मोबाइल लावून ठेवते. ह्या घरात जे काही आहे ते एकदा समोर येऊ दे. ह्यांना असल्या घरात परत आणायचं की नाही ते मला ठरवायचंय.

५ डिसेंबर, शुक्रवार

सुरुचीला पाठवायच्या आधी स्वतः ऐकलं.

आधी माझं कूस बदलणं, बांगड्या वाजल्या. मग घोरणं. चांगलं जोरदार. मग एकदम बंद. काहीच नाही. ऐकता ऐकता मीच इथे श्वास धरून बसले, तरी तिकडे काही नाही. मग आचका. तोच.

आणि त्याच्यामागून, झोपेतला, घाबराघुबरा, माझाच आवाज — "अहो, श्वास घ्या!"