झिजलेला गज

३ मार्च

तीर्थरूप बाबांस,
चिमणीचा शि. सा. न. वि. वि.

ज्या माणसानं एका चर्चला एकेचाळीस वर्षं दिली, त्याला त्यातली त्याचीच चूक कोणी सांगायची, आणि कोणत्या तोंडानं? पाच वर्षं वास्तुकला शिकले, पण हा धडा कुठल्याच पुस्तकात नव्हता.

आमच्या मुख्य वास्तुविशारदांना गवंडी ‘मनोरेकाका’ म्हणतात. दगडाच्या साच्यावर पहिली खूण ते स्वतःच्या लाकडी गजानंच करतात, इतरांना हात लावू देत नाहीत. गुडघे दुखायला लागल्यापासून तोच गज काठीसारखा टेकत चालतात. त्याच्या टोकाची लोखंडी टोपी मागच्या वर्षी कुठेतरी पडली आणि लाकूड झिजत गेलं. काल मी टेप लावून पाहिला, तर गज दोन सूत, म्हणजे पाव इंच, आखूड! मनोऱ्याच्या माथ्यावर बारा दगडांचं कडं बसायचं आहे, प्रत्येक दगड एका गजाचा, आणि बाराही दगड याच मापानं घडून तयार आहेत. म्हणजे शेवटी तीन इंचांची फट.

कडं बसलं की चर्च पूर्ण, पुढच्याच महिन्यात. चूक सांगितली तर खाणीतून नवे दगड येऊन घडायला वर्ष जाईल. त्यांची नजर अधू झाली आहे, आणि डॉक्टर वर्षाची खात्री देत नाहीत. तुम्ही दगडातले जाणते. काय करू?

आईला सांगा, मी वेळेवर जेवते. फक्त ती वेळ कोणती, ते मी ठरवते.

तुमची,
चिमणी

९ मार्च

चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आईला दोनदा वाचून दाखवलं. ती म्हणाली की पोरीच्या पत्रात दगडच फार, सर्दी गेली की नाही ते कुठेच नाही. तेवढं कळव.

आता तुझ्या फटीचं. तीन इंच बारा सांध्यांत वाटून टाक. सांध्याला दोन सूत चुना जास्त, खालून कोणाच्या बापाला दिसणार नाही. मी आयुष्यभर असंच निभावलं. तू शिकलेली, मी सातवी पास, पण माणूस मलाही कळतो. म्हाताऱ्याला त्याचं चर्च पूर्ण झालेलं पाहू दे. गप्प राहा, हे बाप म्हणून सांगतो.

मोठ्या परांचीवर चढताना खाली बघू नकोस.

तुझे,
बाबा

१८ मार्च

तीर्थरूप बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

सर्दी गेली. आणि तुमचा शब्द मी मोडला, आधी तेच सांगते.

तुमच्या युक्तीनं कडं उभं राहिलं असतं, मान्य. पण इतक्या उंचीवर जाड सांध्यात पाणी शिरून कधीतरी दगड सुटला असता. मनोरेकाकांना त्याचा त्रास कधी झाला नसता. झाला असता तो खालून चालणाऱ्यांना, आपण कोणीच नसताना. हे त्यांनीच मला शिकवलं आहे.

दगड आवारात गोल मांडून ठेवले होते. मी मनोरेकाकांना हाताला धरून नेलं आणि त्यांचं बोट फटीत ठेवलं. मग त्यांनी गजाचं टोक अंगठ्यानं चाचपलं आणि विचारलं, अजून कोणाला माहीत आहे. मी तुमचं नाव घेतलं, तुमचा सल्लाही सांगितला. त्यावर हसले. म्हणाले की तुझा बाप कसलेला गवंडी दिसतो, घर असतं तर मीही हेच केलं असतं.

नंतर दगडावर बसून डोळे पुसले. मी पाहिलं नाही असं दाखवलं. शेवटी म्हणाले की चर्चला घाई नाही, घाई फक्त मला होती.

रद्द दगडावर लाल फुली मारायची इथली रीत आहे. मुकादमानं ब्रश हातात घेतला आणि तसाच खाली ठेवला. त्याचा हात धजेना.

रागावलात तरी माया आटू देऊ नका, बाबा. बाराही दगडांवर फुल्या मी मारल्या आहेत.

तुमची,
चिमणी