घोड्याला नसलेली पिशवी

मुक्काम नारिन

प्रिय तालाय,

बाबांच्या पित्ताशयात खडे झालेत. डॉक्टर म्हणतात, पिशवीच काढू. बाबा भडकले, "मेंढी कापताना ती फुटू नये म्हणून मी जपून काढतो, आणि माझी तुम्ही फेकणार?"

मी विचारलं, "बाबा, घोड्याला कुठे असते ती?"

"खरंच की!" ते म्हणाले. तालाय, मीही थक्क आहे. यकृत सतत पित्त बनवतं. घोडा दिवसभर चरतो, त्याचं थेट आतड्यात झिरपतं. आपण थांबून थांबून जेवतो, म्हणून ते पिशवीत साठतं, दाटतं. कोलेस्टेरॉल वाढलं की त्याचे कण जमून खडा होतो. केवढी ही रचना!

"म्हणजे मी आता घोडा?" बाबा हसले. "काढा मग. तालायला सांगू नकोस, मॉस्कोहून धावत येईल."

मी त्यांना पटवलं की फुसलावलं? उद्या ऑपरेशन. बाबांना शब्द दिलाय, म्हणून हे पाठवत नाही. पण तू यायला हवा होतास.

तुझी ताई,
बुरुल