खाणीतलं पाणी, पेणचा सत्कार

७ जानेवारी २०२५

फोन मी घेतला. हे मागे कंप्रेसर लावून सिलिंडर भरत होते, त्यांना काही ऐकू गेलं नसतं. समोरचा माणूस हिंदीत बोलत होता — डायव्हर लोकांच्या संघटनेतून. यंदाचा मोठा सन्मान ह्यांना! स्कूबा शिकवण्यात आयुष्य घातलं म्हणून. सोहळा मुंबईत करणार होते, पण ह्यांच्या हाताखाली शिकलेल्या पोरांनी हट्ट धरला, पेणला करा. दोन फेब्रुवारी.

मशीन बंद करून सांगितलं. हे हात पुसत उभे राहिले.

"आपल्याला?"

एवढंच. तेही अर्धं वाऱ्यावर गेलं. दिवाळीपासून आवाज असाच बसलाय. मग परत मशीन लावलं.

संध्याकाळी रोह्यातल्या वरशाच्या रस्त्याने भाजी आणायला गेले तर दुकानं, दिवे, माणसं, सगळं पाण्याखालून बघितल्यासारखं हलत होतं.

८ जानेवारी

रोह्यात कुठला समुद्र, आणि डायव्हिंगचं दुकान कशाला — लग्नानंतर हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता नुसती हसते.

हे पेणच्या खाडीकडचे. घरची मिठागरं. तरुणपणी एका कंत्राटदाराबरोबर बोटींचे तळ खरवडायला जायचे. शिकवणं वगैरे काही नाही, तोंडात हवेची नळी आणि उडी. सखा म्हणून मित्र होता, शेजारच्याच घरातला. एक दिवस त्याची नळी पिळली गेली आणि तो वर आला नाही. ह्यांनीच त्याला वर आणला. त्याच्या आईसमोर नेऊन ठेवला.

त्यानंतर हे कुठेतरी लांब जाऊन रीतसर शिकले, सगळे दाखले घेतले, आणि परत इथेच आले. म्हणाले, पोरं पोटासाठी खाली जाणारच, जेट्टीवर, कंपन्यांच्या विहिरीत. मग शिकून जाऊदेत. गावाबाहेरची बंद पडलेली दगडाची खाण, तिच्यात भरलेलं पाणी — तीच शाळा.

ह्यांच्या हाताखालून गेलेला एकही जण पाण्यात राहिलेला नाही. सन्मान बहुतेक त्याचाच.

१५ जानेवारी

काल संक्रांत. घरोघर तिळगूळ घ्या गोड बोला, आणि डॉक्टर म्हणाले, बोलायचंच नाही.

मीच ओढून नेलं. घशात कॅमेरा घालून बघितलं. आवाजाच्या पडद्यावर गाठ आहे. साधी असू शकते, नसूही शकते. काढून तपासायला पाठवायची. दहा फेब्रुवारीला ऑपरेशन. मी विचारलं, साधी नसली तर? डॉक्टर म्हणाले, "पसरलेली असेल तर कदाचित स्वरयंत्र काढावं लागेल. मग श्वास गळ्याच्या भोकातून."

म्हणजे पाणी बंद. कायमचं. हे मला कुणी समजावून सांगायला नको होतं.

परतताना गाडीत हे खिडकीतून वालाची शेतं बघत होते. मग पुटपुटले, "पेणचं होईपर्यंत कोनाला काय सांगू नको गो."

१६ जानेवारी

घर गप्प. इतकं गप्प की भांडं ठेवलं तरी लांबून आवाज आल्यासारखा वाटतो.

२३ जानेवारी

आम्ही हाताने बोलायला लागलो. मला वाटलं होतं अवघड जाईल, पण पाण्याखालच्या खुणा मला सगळ्या येतात. इतकी वर्षं दुकानात पोरांना शिकवताना बघतेच आहे. अंगठा आणि बोटाचं वर्तुळ, म्हणजे ठीक. पंजा आडवा, थांब. अंगठा वर — नवीन पोरं हमखास चुकतात, त्यांना वाटतं 'झकास'. तसं नाही. अंगठा वर म्हणजे संपलं, आता वर चला.

आमटी कशी झाली विचारलं. ह्यांनी वर्तुळ केलं.

स्वप्नात आमच्या स्वयंपाकघरात गळ्यापर्यंत पाणी होतं, हिरवं, ऊबदार. मला अजिबात भीती वाटली नाही.

३१ जानेवारी

मनस्वी आली! अंदमानहून. ह्यांच्या गावचीच. मिठागरातून थेट दुकानात येऊन उभी राहिली होती, खाऱ्या पाण्याने चिरलेली पावलं घेऊन. आज तिकडे स्वतः शिकवते. पाया पडली आणि ह्यांच्याकडे बघत राहिली. "सर बोलत का नाय?" मी म्हटलं, घसा बसलाय. खोटं नाही. खरंही नाही.

जोह्याहून गणेशही आला, गणपतीच्या मूर्तींच्या कारखान्यातला, तोही ह्यांच्याकडेच शिकलेला. त्याने भेट म्हणून डायव्हरचा पुतळा केलाय, पाठीला सिलिंडर, हातात मास्क. डोळे मात्र थेट गणपतीचे. "काय करू काकी, हाताला तेवढेच येतात." हे आवाज न करता इतके हसले की डोळ्यांतून पाणी आलं.

२ फेब्रुवारी

हॉल भरला होता. खाडीपट्ट्यातली माणसं, कंपन्यांतले डायव्हर, रोह्याचे शेजारी. सखाची बहीण पुतळी पहिल्या रांगेत, नवी साडी नेसून. शाल, श्रीफळ, मानपत्र. मानपत्रातलं मराठी इतकं जड होतं की त्यातला माणूस कोण ते मला कळेना.

मग सूत्रसंचालक म्हणाला, आता सत्कारमूर्ती दोन शब्द बोलतील.

आम्ही आयोजकांना सांगून ठेवलं होतं, भाषण नको. विसरले.

हे माइकपाशी गेले. माइक हाताने बाजूला सारला. सगळे थांबले. ह्यांनी उजवा हात उंच केला, अंगठा आणि बोट जुळवून वर्तुळ केलं आणि सगळ्या हॉलवरून सावकाश नजर फिरवली. पाण्यात उतरल्यावर पहिल्यांदा विचारतात तसं — सगळे ठीक?

मग मनस्वीचा हात वर गेला. मग गणेशचा. मग एकेक करत इकडून तिकडून हातच हात, सगळ्यांची वर्तुळं. पंखे तेवढे फिरत होते. मला वाटलं, छतापर्यंत पाणी भरलंय आणि आपण सगळे त्यात शांत तरंगतोय.

ह्यांनी दोन्ही हातांची बोटं शेजारी शेजारी जुळवली. जोडीने राहा. कुणाला एकटं सोडू नका. पुतळी पदर तोंडाला लावून बसली होती.

आणि मग ह्यांनी अंगठा वर केला.

बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या, त्यांना वाटलं झकास म्हणतायत. डायव्हर लोकांनी वाजवल्या नाहीत. मनस्वी गर्दीतून वाट काढत माझ्याजवळ आली.

"काकी, सर 'वर चला' का म्हनाले?"

मी स्वतःच्या गळ्यावर बोट ठेवलं. ती समजली. तिथेच खाली बसली.

३ फेब्रुवारी

सगळ्यांना कळलं. रात्री पोरांनी दुकानामागे पोपटी लावली. वालाच्या शेंगा, भांबुर्डीचा पाला, मडकं उलटं, वर जाळ. कुणी रडलं नाही, कुणी उपदेश केला नाही. ह्यांच्यापुढे सोललेल्या शेंगांचा ढीग करत गेले, बस.

५ फेब्रुवारी

पहाटे ह्यांनी उठवलं. खूण केली — खाली. म्हटलं, जा ना, मी थांबते काठावर. मान हलवली. माझ्याकडे बोट.

पाण्यात यायचं का, हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं, आणि मीही मागितलं नव्हतं. सिलिंडर भरले, सूट धुतले, वाळत घातले. पाणी त्यांचं, काठ माझा.

खाणीवर धुकं होतं. पायरीसारखा कडा आहे तिथे छातीभर पाण्यात उभे राहिलो. ह्यांनी मास्क बसवला, नळी तोंडात दिली, माझे दोन्ही हात धरले. मी डोकं आत घातलं.

काय लिहू. थंडी क्षणभरच. मग सगळं हिरवं आणि सोन्याचं, वरून उजेडाच्या काठ्या उतरलेल्या. माझा श्वास मला ऐकू येत होता, मोठा, संथ, दुसऱ्याच कुणाचा असल्यासारखा. छोटे मासे ह्यांच्या दाढीपाशी येऊन बघून गेले. हे समोर. मास्कमागचे डोळे किती तरुण. गुडघे दुखत नव्हते. मला वजनच नव्हतं.

नंतर मी काठावर बसले आणि हे एकटे खाली गेले. डायव्हरने एकटं खाली जायचं नाही हा त्यांचाच नियम. आज मी काही बोलले नाही. बुडबुड्यांची माळ बघत राहिले. ती खाणीच्या मधोमध गेली, तिथे बराच वेळ राहिली, आणि हळूहळू परत आली.

डॉक्टरांना पाण्याबद्दल ह्यांनी विचारलं नव्हतं. मीही नाही.

१० फेब्रुवारी

ऑपरेशन झालं. आता वाट बघायची.

१४ फेब्रुवारी

दुकान उघडलं. मनस्वी रजा वाढवून थांबलीय, ती शिकवते. हे खुर्चीत. झोपेत त्यांचा हात चादरीवर हलत असतो, कुणाला तरी खुणा करत.

१८ फेब्रुवारी

गाठ साधी. कंप्रेसरच्या आवाजावर वर्षानुवर्षं ओरडून झालेली. डॉक्टर म्हणाले, बोलणं हळूहळू सुरू करा, पाण्यात एक-दोन महिने थांबून मग जा, पण ओरडायचं नाही. ह्यांनी दोन्ही हातांत तोंड लपवलं.

"अजून काही विचारायचंय?" डॉक्टर ह्यांना म्हणाले.

मी खुर्ची पुढे ओढली. म्हटलं, मला विचारायचंय. मला बीपीची गोळी चालू आहे, वय बावन्न. मला खोल जायला चालेल का?