खोली चारचं पान

सोमवार, २ जून २०२५
नोकरी लागली! साजगावच्या शीतगृहात, संगणक खोलीत. दहिवलीहून स्कूटीने पाऊण तासात पोहोचले. व्यवस्थापक मिहीर सरांनी स्वतः यंत्र दाखवलं. काळा पडदा, पांढरी अक्षरं. माऊस नाही, इंटरनेटही नाही. इथूनच चारही थंड खोल्यांचं तापमान आणि दारं चालतात. माझा चेहरा बघून सर हसले. म्हणाले, सगळी माहिती यंत्रातच आहे, वाचत जा. 'मॅन' लिहायचं, पुढे आज्ञेचं नाव, की तिचं मदतीचं पान उघडतं. स्पेस दाबली की पुढे, तिरकी रेघ देऊन शब्द लिहिला की तो सापडतो, क्यू दाबलं की बाहेर. घरी निघेपर्यंत वीसेक पानं वाचली. एकदा गोडी लागली की सोडवत नाही.

बुधवार, ४ जून
इथल्या खास आज्ञांची पानं चक्क मराठीत आहेत! माझ्या आधी हे काम करणाऱ्या शरच्चंद्र काकांनी ती लिहून यंत्रात घातलीत. नाव, वापर, वर्णन, त्रुटी, सगळं रीतसर. 'दार' या आज्ञेच्या पानावर त्रुटींखाली लिहिलंय: खोली चारची आतली मूठ तुटली आहे. कोणी अडकल्यास इथून 'दार चार सक्ती' लिहावे. घाबरू नये.
असा माणूस शिकवायला हवा होता. डबा खाताना पॅकिंगमधल्या समिधाला विचारलं, काका आता कुठे असतात. ती कशेळ्याची, एरवी तोंड बंद नसतं, पण तिने डबा मिटला. मग म्हणाली, "मार्चमदी गेले, ताई. चार नंबरमदीच अडकले. आन् हितं वर बटनं दाबाया कोन नवतं."
मूठ अजून तशीच आहे म्हणे.

सोमवार, ९ जून
रविवारी वीज गेली होती. चारचं तापमान उणे वीस हवं, ते अधिक सहावर चढलं. आत लहान मुलांच्या लसी आहेत. सरांनी नोंद बदलून उणे वीस करायला सांगितली. मला येत नव्हतं, म्हणून 'नोंद'चं पान उघडलं. त्रुटींखाली एकच वाक्य: नोंद बदलू नये, मी बदलली नाही.
सर खुर्चीमागे उभे होते. नोकरीला जेमतेम आठवडा झालाय. मी बदलली.
ते गेल्यावर पानाच्या तळाशी नजर गेली. तिथे शेवटच्या दुरुस्तीची तारीख असते. आजची होती.

मंगळवार, १० जून
सरांना तारीख दाखवली. यंत्र आपोआप तारीख बदलत असेल, म्हणाले. मलाही तेच पटवून घ्यायचं होतं. दुपारी 'दार'चं पान पुन्हा उघडलं. त्रुटींखाली नवी ओळ.
मी चौदा तास ठोकत होतो.
त्या यंत्राला माझ्याशिवाय कोणी हात लावलेला नाही.

गुरुवार, १२ जून
दुपारी तीनला तेच पान समोर होतं. बघता बघता ओळ उमटली: समिधा आत आहे.
'दार चार सक्ती' लिहिलं आणि जिन्यावरून पळत सुटले. दार उघडलं होतं. समिधा उंबऱ्यावर पडलेली, ओठ निळे. टेंपोवाल्या नीलेशने तिला घोंगडीत गुंडाळून दवाखान्यात नेलं. टेंपोत चढवताना ती माझ्या कानाशी पुटपुटली, "काकांनी हात धरलावता, ताई. सोडीतच नवते."
तिच्या मनगटावर पाच पांढरे वळ होते. मी बोट लावलं. बर्फ.

शुक्रवार, १३ जून
समिधा वाचली. सरांना म्हटलं, मूठ बसवा आणि लसींचं खरं काय ते कळवू या. सर शांतपणे म्हणाले, नोंद तुझ्या नावाने बदलली आहे, प्रणिता. लसी उद्या जाणार.
ज्यांच्याकडे जाणार त्यांचा नंबर समोर होता. फोन उचलला. ठेवून दिला.

शनिवार, १४ जून, सकाळ
माल काढायला कोणी चारमध्ये जाईना. सर चिडून स्वतःच गेले. दार लागलं —
'दार चार सक्ती'. यंत्र म्हणतं, अशी आज्ञा नाही. पुन्हा लिहिलं. नाही. पान उघडलं, 'सक्ती' शोधलं. तो शब्दच कुठे नाही —
नीलेश पहारीने दार फोडतोय. आतून सर ठोकतायत. इथवर ऐकू येतं —

साडेअकरा
आतले ठोके थांबले. पहार चालू आहे.
कोणाला तरी कळावं म्हणून लिहिते. लसी खराब आहेत. टेंपो जाऊ देऊ नका. मी बदलली नोंद, मी —
'नोंद'चं पान आपणहून उघडलंय. बदलणारे, असं वर आलंय. खाली: मिहीर. आत आहे.
इथे गार पडलंय. श्वासाची वाफ दिसते. या खोलीचं दार मी उघडं ठेवलं होतं, ते लागलंय. मूठ — मूठच नाही —
दुसरं नाव येतंय, एकेक अक्षर
प्र
णि