तळाला लावलेलं बोट

रोहा,
२२ सप्टेंबर २०२४

प्रिय धनेशदादास,

अनूचा नमस्कार. वहिनीचा गुडघा कसा आहे? इकडे ह्यांची कंपनीत नाइट चालू आहे. सासूबाई ठीक. तू फोन उचलत नाहीस, म्हणून लिहिते.

ठीक कसल्या! बोलायच्याच बंद झाल्यात. गणपती घरीच बादलीत विसर्जन करायचा नि विरघळलेली माती तुळशीला घालायची, हा त्यांचा नेम. यंदा मूर्ती विरघळेचना. रोज सकाळी पाण्यात हात घालून बघायच्या, "माझंच काय चुकलं गो?" म्हणायच्या. शेवटी ह्यांनी न्हाणीमागे नेऊन बाप्पाला हातोडीने फोडलं. आत सगळं प्लास्टर. तो आवाज त्यांनी ऐकला, दादा.

तू शाडूची म्हणून दिलेली मूर्ती ती.

आळीतल्या बायकांनाही मीच तुझ्याकडे पाठवलं होतं. चंद्रावतीकाकूंनी पावतीचं विचारलं, तर मी फणकारले, "आमच्या कारखान्यात पावती लागत नाय, बोट लागतं!" बाबांचीच ना ती रीत? मूर्ती कलती करून गिऱ्हाइकाला ओलं बोट तळाला घासायला लावायचे. बोटाला माती आली की मगच सौदा. त्यांच्यावर कुणी तपासनीस बसवला नव्हता. माणूस लाजेनेच सरळ राहतो, पोलिसाने नाही, असं मी ह्यांना लग्न झाल्यापासून ऐकवत आले.

माझंही बोट लावून घेतलंस तू. आणि माती आली की! तळाला तेवढा शाडूचा लेप दिला होतास. अरे, रीत मोडली असतीस तर एक वेळ चाललं असतं. तू तिलाच चोरीच्या कामाला लावलंस? "तपासायला येतात ते कागद बघतात, मूर्ती कोण फोडतंय," असं म्हणालास म्हणे. तुझ्या कारखान्यातल्या जगननेच सांगितलं मला.

हे म्हणाले, तक्रार दे. मी त्यांच्यावरच ओरडले. मग बादली घासायला घेतली नि रडू आवरेना.

परवा मी पेणला येऊन गेले. घरी आले नाही. तक्रार देऊन आले. तळ बघू नका, पाठीला भोक पाडून बघा, हेही मीच सांगितलं. कारखान्याला टाळं लागेल, माझं माहेर तुटेल. ठाऊक आहे मला.

पितृपक्ष चालू आहे. बाबांचं पान वाढशीलच. कावळा शिवला का, तेवढं कळव.

तुझीच,
अनू