जांभळी कांडी आणि माझी अर्धी मिशी

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. (डोकंच ठेवतोय. तोंड सध्या कशावरही टेकवायच्या लायकीचं राहिलेलं नाही. का, ते पुढे येईलच.) तुझा गुडघा कसा आहे? जिने चढू नकोस असं मागच्या पत्रात बजावलं होतं, तेव्हा तू दिवसातून दोनदा चढत असशील असं धरून चालतो. भावोजींचा खोकला गेला का? इकडे सगळे खुशाल आहेत असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहितो.

तुझ्या भाचीला सतरावं संपत आलं आणि तोंडभर मुरुमं आली, हे तुला हिने फोनवर सांगितलंच असेल. मी काय केलं ते मात्र सांगितलं नसेल, कारण ही नवऱ्याची लाज राखते. मी चेष्टा केली. रोज सकाळी चहा घेताना विचारायचो, "काय नकाशा, आज नवीन डोंगर कुठे?" मला वाटायचं, पोरीचं मन हलकं होतंय. पहिल्या दोन-तीन वेळा ती हसलीही. (आता वाटतं, ती माझ्यासाठी हसली असावी.) मग एक दिवस तिच्या दोन मैत्रिणी दुकानात पंखा दुरुस्तीला घेऊन आल्या, आणि मी त्यांच्यादेखत तिला नकाशा म्हणून हाक मारली. त्या खो खो हसल्या. लेकीची हसायची वेळ मात्र संपली होती. ती आत गेली ती गेलीच. त्या दिवसापासून केस तोंडावर ओढून, ताट घेऊन खोलीत जेवायची. माझ्याशी बोलणं एवढंच, "आई विचारतेय, दुकान कधी बंद करणार?" आई काही विचारत नसायची.

ताई, मला तुटलेलं काही दिसलं की हात शिवशिवतात, हे तुला ठाऊक आहे. इस्त्री, मिक्सर, पंखा, काहीही असो. पण हे कुठल्या बाजूने उघडायचं तेच कळेना. अशात कोपऱ्यावरच्या पार्लरवाल्या वहिनी एक बंद पडलेलं यंत्र घेऊन आल्या. हातात मावेल एवढी कांडी, टोकाला काचेची नळी. आतली एक तार निसटली होती, ती मी पाच मिनिटांत जोडली. चालू केली तर नळी जांभळी उजळली आणि बोट जवळ नेल्यावर चटचट ठिणग्या उडाल्या. मी विचारलं, हे कशासाठी? तर म्हणाल्या, मुरुमांवर फिरवतात. झालं! मला साक्षात दार उघडल्यासारखं वाटलं. वहिनींना म्हटलं, एक रात्र राहू दे, नीट तपासून देतो. त्यांनी माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "भाऊ, तपासा, पण वापरू नका. त्यातून तुमचे गाल हे असे लालबुंद. असल्या गालांना तर हे लावायचंच नाही." मी मान डोलावली. (मनात म्हटलं, तीस वर्षं विजेशी खेळणाऱ्या माणसाला या वीज शिकवणार!)

माझ्या लाल गालांबद्दल तुला सांगायला नको. बसमध्ये शेजारचा माणूस दारूचा वास येतो का बघायला वाकतो. मी ते चांगल्या रक्ताचं लक्षण समजून मिरवत आलो.

संध्याकाळी कांडी घेऊन लेकीच्या दाराशी गेलो. सतरा दिवसांत पहिल्यांदा तिने माझ्याकडे सरळ पाहिलं. (दिवस मोजलेत मी.) म्हणाली, "आधी तुमच्या तोंडावर लावून दाखवा." योग्यच मागणी होती. ही स्वयंपाकघरातून ओरडली, "अहो, त्या बाईंना विचारा तरी!" पण बापाने लेकीसमोर माघार घ्यायची म्हणजे काय? मी आरशासमोर खुर्ची घेतली. जंतू मरावेत म्हणून दाढीनंतर लावायचं पाणी गालांना आणि मिशीला सढळ हाताने चोपडलं. ते स्पिरिटचं असतं, हे मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही, कारण ठिणगी कशाला पेटवते हे मी गिऱ्हाइकांना रोज सांगतो. मग बटण एकावर ठेवायचं ते वेळ वाचावा म्हणून थेट शेवटच्या आकड्यावर नेलं. कपाळ झालं, दोन्ही गाल दोन-दोनदा झाले. लेक जवळ सरकून बघत होती, तिच्या डोळ्यांत मला चक्क आशा दिसली, आणि त्या भरात मी कांडी ओठांवर आणली. फप्प असा आवाज झाला. निळी ज्योत मिशीच्या डाव्या टोकापासून मध्यापर्यंत चालत आली.

मी काय केलं सांगू? काही नाही. बसून राहिलो. लेकीने आधी भिंतीतला प्लग उपटला आणि मग ओला टॉवेल तोंडावर दाबला. आधी प्लग, मग पाणी. तिला हे मीच शिकवलं होतं, ती सहा वर्षांची असताना. टॉवेलखाली मला रडू आलं, ते दुखल्यामुळे असं सगळ्यांनी समजून घेतलं.

सकाळी आरशात पाहिलं तर कोणी तरी दुसराच सुजून बसला होता. हिने मला आणि लेकीला, दोघांनाही त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे हाकललं. बाईंनी गाल भिंगातून पाहिले. म्हणाल्या, "याला रोझेशिया म्हणतात, गाल कायम लाल ठेवणारा त्वचेचा आजार. किती वर्षं आहे?" म्हटलं, वीस. "आणि वीस वर्षं काय करत होतात?" म्हटलं, अभिमान बाळगत होतो. त्या हसल्या नाहीत. यंत्रं सगळी वाईट नसतात, पण कुठल्या त्वचेला कुठलं आणि किती, हे जाणणाऱ्यानेच ठरवायचं, असं त्यांनी शांतपणे समजावलं. मग लेकीला केस मागे घ्यायला लावले. तपासता तपासता सहज विचारलं, "घरात कोणी चिडवतं का गं?"

मी भिंतीवरच्या तक्त्याकडे बघत राहिलो. त्यावर कातडीचे थर काढले होते, ते मला अजून पाठ आहेत.

"नाही," लेक म्हणाली. "कोणी नाही."

ताई, मिशी भाजली त्यापेक्षा हे जास्त लागलं. तिने हो म्हटलं असतं तर मी तिथेच हात जोडले असते. तिने मला वाचवलं, आणि त्यामुळे माझी माफी मागायची जागाच गेली.

कांडी वहिनींना परत केली. आता आम्ही दोघं बापलेक एकाच आरशासमोर मलम लावतो, ती तिचं, मी माझं. बाईंनी सांगितलंय की फरक दिसायला दोन-तीन महिने लागतील. परवा मी माफीचं वाक्य चांगलं घोकून गेलो आणि तोंडातून निघालं, "मलम लावलंस का?" ती म्हणाली, "लावलं. तुम्ही डाव्या गालाला कमी लावलंय." एवढंच. नकाशा हा शब्द घरात आता कोणी काढत नाही. जेवायला ती बाहेर येऊन बसते, पण केस अजून पुढेच असतात.

गुडघ्याला जप. भावोजींना नमस्कार.

तुझा,
धाकटा

ता.क. खरं काम वर लिहायचं राहिलं, किंवा धीर झाला नाही. कॉलेजच्या पहिल्या वर्षी माझं तोंड तिच्यापेक्षा दुप्पट भरलं होतं, आणि दाढ दुखते असं सांगून मी चार महिने गालाला पट्टी बांधून फिरलो, हे तुझ्याशिवाय कोणाला माहीत नाही. लेकीला मी सांगत आलोय की मला आयुष्यात एक फोड आला नाही. तेव्हाचे सगळे फोटो मी फाडले. एक तू माझ्या हातातून ओढून घेतला होतास. तो असेल तर पाठव.

ता.क. दुसरा. पाकिटावर लेकीचं नाव घाल, माझं नको. माझ्या हातात पडला तर मी तिला तो देईनच, याची मला खात्री नाही.